कोलोनचा रणगाडा आणि मी ऐकवलेला खोटा आवाज

हा भाग ऐकला नसेल आणि थेट वाचायलाच आला असाल तरी चालेल, कारण यात बहुतेक सगळं बोलणंच आहे. नेहमीप्रमाणे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी करून टाकतोय.

सुरुवात एका चुकीपासून, आणि चूक माझीच आहे. मागच्या भागाची सुरुवात मी एका आवाजाने केली होती. आठवतंय? रणगाड्याच्या पट्ट्यांचा खडखडाट, मग धडाम्, मग काचा फुटल्यासारखा आवाज. आणि त्यावर मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "हा आवाज आहे ६ मार्च १९४५ चा, जर्मनीतल्या कोलोन शहरातला."

तीन दिवसांनी एका श्रोत्यांचा मेल आला. गृहस्थ पुण्याचे, आयुष्यभर साउंड रेकॉर्डिंगचं काम केलेले, आता निवृत्त. नाव देत नाही, काका म्हणतो. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचा कार्यक्रम आवडीने ऐकतो. पण एक विचारू का? तो आवाज घेतला कोणी? माइक कुठे होता?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि दहा मिनिटांत कळलं की माझ्याकडे उत्तरच नाही. कारण माइक नव्हता. ती फिल्म मुकी आहे.

मग म्हटलं, माफी मागून मोकळं होण्यापेक्षा ही फिल्म नक्की आहे काय, कशी काढली आणि आपल्या मोबाइलपर्यंत येईतो तिचं काय काय झालं, हे नीट समजून घेऊ. आजचा भाग त्याचाच.

आधी प्रसंग सांगतो. १९४५ चा मार्च. पश्चिमेकडून आलेलं अमेरिकी सैन्य ऱ्हाइन नदीपर्यंत पोचलंय. कोलोन याच नदीवर आहे. युद्धाआधी या शहरात साडेसात लाखांहून जास्त लोक राहायचे. मे १९४२ च्या अखेरीस ब्रिटिशांनी एका रात्रीत हजार विमानं पाठवली ती याच शहरावर, आणि त्यानंतरही बॉम्बफेक चालूच राहिली. अमेरिकी रणगाडे शिरले तेव्हा गावात फार थोडे लोक उरले होते, तेही तळघरांत. मध्यभागी ते प्रचंड कॅथेड्रल मात्र उभं होतं. त्यालाही बॉम्ब लागले होते, पण दोन्ही मनोरे शाबूत. फिल्ममध्ये आजूबाजूला नुसते ढिगारे दिसतात आणि मागे ते दोन मनोरे.

६ मार्चला अमेरिकेच्या ३ऱ्या आर्मर्ड डिव्हिजनचे शर्मन रणगाडे कॅथेड्रलच्या दिशेने निघाले. चौकात एक जर्मन पँथर दबा धरून होता. त्याने पहिला शर्मन उडवला. त्यातले तीन जण गेले. कमांडर लेफ्टनंट कार्ल केल्नर एक पाय गमावून बाहेर पडले आणि थोड्याच वेळात वारले. हे सगळं फिल्मवर आहे. रणगाड्यातून धूर, बाहेर पडणारी माणसं, त्यांना झेलणारी माणसं.

तेव्हा दुसऱ्या रस्त्याने एक पर्शिंग पुढे सरकला. पर्शिंग हा अमेरिकेचा नवाकोरा रणगाडा, ९० मिमीच्या तोफेचा. पहिल्या खेपेत असे फक्त वीस युरोपात पाठवले होते. याचे कमांडर होते रॉबर्ट अर्ली आणि गनर पेनसिल्व्हेनियाचे क्लॅरन्स स्मॉयर, वय २१. अर्ली आधी पायी पुढे गेले, एका इमारतीतून वाकून पँथर कुठे आहे ते पाहून आले. त्यांच्यासोबत होते सिग्नल कोअरचे कॅमेरामन जिम बेट्स. अर्ली रणगाड्यात परत गेले. बेट्स इमारतीतच थांबले, कॅमेरा खिडकीकडे रोखून.

पर्शिंग कोपऱ्यावरून बाहेर आला. पँथरची तोफ त्याच्याकडे वळायला लागली होती. स्मॉयर यांनी न थांबता, रणगाडा चालता असतानाच गोळा टाकला. मग दुसरा, मग तिसरा. पँथर पेटला. त्यातून माणसं उड्या टाकून पळताना फिल्ममध्ये दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांची खरी झुंज इतक्या जवळून आणि इतकी सलग कॅमेऱ्यात सापडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. म्हणून ही फिल्म इतकी प्रसिद्ध.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

अमेरिकी लष्करी कॅमेरामन लढाईत बहुतेक वेळा 'आयमो' नावाचा कॅमेरा वापरत. बेल अँड हॉवेल कंपनीचा, ३५ मिमी फिल्मचा, हातात धरून चालवायचा. याला बॅटरी नाही. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, आतली स्प्रिंग घट्ट होते आणि बटण दाबलं की ती फिल्म ओढते. चावी संपली की कॅमेरा थांबला. समोर काहीही चालू असो, पुन्हा चावी द्या.

त्यात मावणारं रीळ १०० फुटांचं. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे १६०० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमने भागा. ६६ सेकंद. एक मिनिट आणि वर थोडं. एवढं झालं की रीळ बदला, तेही गोळीबारात, ढिगाऱ्यामागे बसून. आपण लग्नात मोबाइलवर हळदीचा व्हिडिओ वीस मिनिटं काढतो. या माणसाला प्रत्येक वेळी ठरवावं लागायचं, की आत्ता बटण दाबू का नंतर. त्यामुळे त्या काळच्या युद्धफिल्ममध्ये तुकडे इतके छोटे का, आणि नेमका महत्त्वाचा क्षण कितीदा निसटलेला का, हे कळतं.

आणि आवाज? आवाज घेणारे कॅमेरे सैन्याकडे होते, पण जड. भाषण, मुलाखत, समारंभ यांना ते ठीक. गल्लीतल्या लढाईत कोण नेणार? आयमोमध्ये आवाजाची सोयच नाही. उलट त्याची स्वतःची मोटार इतकी घरघरते की शेजारी माइक ठेवला असता तर तीच ऐकू आली असती.

मग आपण जो ऐकतो तो आवाज कुठला? तो नंतर घातलेला. आणि ही काही यूट्यूबवाल्यांची करामत नाही बरं का, हे १९४५ सालीच सुरू झालं. फिल्म मागे पाठवायची, धुवायची, सेन्सॉरने बघायची, मग अमेरिकेतल्या न्यूजरील कंपन्यांकडे जायची. तिथे कापाकापी होऊन वर निवेदकाचा दमदार आवाज, बँड आणि साठवणीतल्या तोफांचे आवाज चढायचे. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी लोक ते बघायचे. आज यूट्यूबवर दिसणाऱ्या व्हिडिओंत त्यावरही आणखी एक थर असतो, बहुतेक वेळा एखाद्या साउंड लायब्ररीतला. मी ऐकवला तो तसलाच. कदाचित कुठल्या गेममधलाही असेल.

काकांनी पुढच्या मेलमध्ये एक मस्त गोष्ट सांगितली. "पँथरला लागलेल्या गोळ्याचा आवाज तुमच्या क्लिपमध्ये चित्राच्या बरोबर त्याच क्षणी येतो. कॅमेरा काही अंतरावर आहे. आवाज थोडा मागून यायला हवा." आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर जवळपास पाव-एक सेकंद, म्हणजे सात फ्रेम. आपल्या लक्षात येत नाही, त्यांच्या कानाला लगेच येतं.

आता माझ्या धंद्याकडे वळतो. मागच्या भागासोबत मी जो व्हिडिओ टाकला होता तो रंगीत होता, एकदम गुळगुळीत, सेकंदाला ६० फ्रेमचा. मी मशीन लर्निंगच्या कोडमध्ये दिवस काढणारा माणूस, तरी मला तो टाकताना काही वाटलं नाही. आता वाटतं, म्हणून तिन्ही गोष्टी सोडवून सांगतो.

पहिली, रंग. काळ्यापांढऱ्या फ्रेममध्ये प्रत्येक ठिपक्याचा एकच आकडा असतो, किती उजळ. रंगीत ठिपक्याला तीन आकडे लागतात. म्हणजे एका आकड्यावरून तीन काढायचे. गणिताच्या सरांना विचारा, एका समीकरणात तीन अज्ञात असले तर काय होतं. अगणित उत्तरं. गडद लाल आणि गडद हिरवा, दोन्हीही करड्याच्या एकाच छटेत उतरू शकतात. मॉडेल मग काय करतं? त्याने लाखो रंगीत फोटो पाहिलेले असतात. आकाश निळं असतं, गवत हिरवं असतं, एवढं त्याला पाठ. कापडाचं त्याला काहीच माहीत नसतं. तिथे ते सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं, आणि रंगांची सरासरी म्हणजे मातकट तपकिरी.

मी घरी करून पाहिलं. आजीचा एक रंगीत फोटो घेतला, हिरवीगार नऊवारी, लाल काठ. तो आधी काळापांढरा केला आणि मग मोफत मिळणाऱ्या एका मॉडेलला दिला. झाड मस्त रंगवलं. आजीची नऊवारी मात्र निळसर-तपकिरी, काठ गायब. आई म्हणाली, "ही कोणाची साडी रे?" मुद्दा तोच. ही साडी कोणाचीच नाही. तसंच त्या व्हिडिओतल्या अमेरिकी सैनिकांचा ऑलिव्ह रंगाचा गणवेश आणि जर्मन सैनिकांचा करडट-हिरवा, दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत होते.

गंमत म्हणजे त्या काळची खरी रंगीत फिल्मही आहे. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स तेव्हा सैन्याच्या फिल्म पथकाचे प्रमुख होते. पथकाचं अधिकृत काम काळ्यापांढऱ्या ३५ मिमीवर चालायचं, पण त्यांनी १६ मिमी कोडाक्रोमची रंगीत रिळंही स्वतःसाठी काढली. नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत, एल्बच्या काठापर्यंत, डाखाऊच्या छळछावणीपर्यंत. ती वर्षानुवर्षं पेटीत पडून होती. १९७५ मध्ये ते गेल्यावर मुलाने ती बाहेर काढली. ती एकदा बघाच. चिखल, जीपवरचा पांढरा तारा, एप्रिलमधली कोवळी हिरवळ. मॉडेलच्या तपकिरीत आणि यात काय फरक आहे ते सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, फ्रेम. मूळ २४, व्हिडिओ ६० चा. साधं वाटतं की ३६ नव्या घातल्या असतील. पण वेळेचं गणित करा. २४ आणि ६० या दोन पट्ट्यांवरच्या खुणा सेकंदाला फक्त १२ ठिकाणी जुळतात. म्हणजे ६० पैकी ४८ फ्रेम संगणकाने बनवलेल्या. पाचातल्या चार! ते क्षण कॅमेऱ्याने पाहिलेलेच नाहीत. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज चालून जातो. पण पर्शिंगचा गोळा सेकंदाला ८०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जायचा. दोन मूळ फ्रेमच्या मधल्या वेळात तो तीस-पस्तीस मीटर पुढे गेलेला असतो. स्फोटाचा लखलखाट एखाद्या फ्रेममध्ये असतो, पुढच्यात नसतो. तो एकदम होतो, हळूहळू उमलत नाही. सॉफ्टवेअर त्याला फुलासारखा उमलवतं.

तिसरी, 'फोर के'. म्हणजे धूसर चित्र तीक्ष्ण करणं. यात मॉडेल चेहऱ्यावर डोळे, नाक, सुरकुत्या काढतं. सुंदर काढतं. पण कोणाच्या? मूळ फिल्ममध्ये त्या चेहऱ्याचे ठिपके मोजून तीस-चाळीस. बाकीचं मॉडेलने आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांमधून आलेलं. आता एखाद्याचे आजोबा त्या रस्त्यावर असतील आणि नातू तो व्हिडिओ बघत असेल, तर तो बघतोय कोणाला?

आता त्या दिवसाकडे परत जाऊ, कारण मी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलेलं नाही.

मी टाकलेला व्हिडिओ पँथर पेटतो तिथे संपत होता. बहुतेक व्हिडिओ तिथेच संपतात. पण त्या दिवसाच्या रिळांमध्ये आणखी एक तुकडा आहे. एक काळी ओपेल मोटार भरधाव जाते. साधी, नागरी. ती गोळीबारात सापडते. नंतर अमेरिकी वैद्यकीय पथकाची माणसं रस्त्यावर पडलेल्या एका तरुणीजवळ वाकलेली दिसतात. कुरळे केस, डोळे उघडे. तिचं नाव कॅथरिना एसर, वय २६. गाडी चालवणारा तिच्या दुकानाचा मालक होता. दोघंही वाचले नाहीत.

स्मॉयर यांना हुकूम होता की समोर हलणाऱ्या कशावरही गोळी चालवा. त्यांनी मशीनगन चालवली होती. गाडीत कोण आहे ते त्यांना दिसलं नव्हतं. युद्ध संपल्यावर कित्येक दशकांनी, म्हातारपणी, त्यांनी घरी ही फिल्म पाहिली आणि ती मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईना.

पलीकडे त्या वेळी एक जर्मन रणगाडाही होता, पँझर फोर. त्याच्या मशीनगनवर होते गुस्ताव शेफर, वय १८. त्यांनीही त्याच गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. तेही आयुष्यभर हेच घेऊन जगले. २०१३ मध्ये हे दोन म्हातारे कोलोनमध्ये भेटले, कॅथेड्रलजवळच. दोघं मिळून कॅथरिनाला पुरलं तिथे गेले, फुलं वाहिली आणि नंतर मित्र झाले. अॅडम मेकोस या लेखकाने ही सगळी हकीगत शोधून 'स्पिअरहेड' नावाचं पुस्तक लिहिलं, ते २०१९ मध्ये आलं. त्याच वर्षी स्मॉयर यांना वॉशिंग्टनमध्ये ब्राँझ स्टार पदक दिलं गेलं, चौऱ्याहत्तर वर्षांनी. २०२२ मध्ये ते वारले.

मी मागच्या भागात या सगळ्याला "पॉपकॉर्न घेऊन बसा" म्हणालो होतो. ते वाक्य काढून टाकलंय.

ही फिल्म साक्ष म्हणूनही वापरली गेली आहे, तेही सांगितलं पाहिजे. कोलोनची नाही, पण त्याच पथकांनी महिन्या-दोन महिन्यांनी काढलेली. जर्मनीत आत शिरताना ओऱ्हड्रुफ, बुखेनवाल्ड, डाखाऊ या छावण्या लागल्या. ओऱ्हड्रुफला १२ एप्रिलला स्वतः आयझेनहॉवर गेले. उद्या कोणी म्हणू नये की हा प्रचार होता, म्हणून त्यांनी पत्रकार आणि अमेरिकी संसदेचे सदस्य बोलावून घेतले. छावण्यांच्या फिल्मचे तुकडे जोडून एक तासाभराची फिल्म झाली आणि २९ नोव्हेंबर १९४५ ला न्युरेम्बर्गच्या खटल्यात आरोपींसमोर दाखवली गेली. तिच्या सुरुवातीलाच शपथपत्रं आहेत, त्यात एक जॉर्ज स्टीव्हन्स यांचं. या चित्रांत काहीही बदल केलेला नाही, असं लिहून दिलेलं. मी ते वाचलं आणि माझ्या साठ फ्रेमवाल्या व्हिडिओची लाज वाटली, खरं सांगतो.

म्हणजे जुन्या फिल्ममधलं सगळं जसंच्या तसं खरं, असंही नाही हं. २५ एप्रिलला एल्ब नदीवर अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक भेटले. पूल तुटलेला आहे आणि दोन्हीकडचे सैनिक हात पुढे करतायत, तो जगप्रसिद्ध फोटो मात्र दुसऱ्या दिवशीचा, तोर्गाऊचा, छायाचित्रकारांसाठी उभं राहून काढलेला. एक सोपी युक्ती सांगतो. सैनिक कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येत असतील, तर विचारा की कॅमेरामनची पाठ कोणाकडे आहे. शत्रूकडे असेल तर शत्रू बहुधा तिथे नाही. कोलोनमध्ये बेट्स यांचा कॅमेरा खिडकीतून शत्रूकडे बघतोय.

एक छोटं विषयांतर. त्या काळची ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेटची असायची. ती भयंकर पेट घेते, पाण्यातसुद्धा विझत नाही. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या गोदामात १९७८ मध्ये आग लागली आणि न्यूजरीलची लाखो फूट फिल्म गेली. आपल्याकडे ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामात तेच झालं, त्यात प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळंही गेली. कोलोनची रिळं टिकली, ही म्हणून काही गृहीत धरण्यासारखी गोष्ट नाही.

ती आज कुठे आहेत? मेरिलँडमधल्या कॉलेज पार्क इथे, नॅशनल आर्काइव्हजमध्ये, सिग्नल कोअरच्या संग्रहात, क्रमांक १११. सरकारी काम असल्याने त्यावर कॉपीराइट नाही. मुकी, काळीपांढरी, ओरखड्यांसकट. 'सिग्नल कोअर' आणि 'कोलोन १९४५' असं इंग्रजीत शोधलंत तर मिळेल. आवाज बंद करायची गरज नाही, कारण तो नाहीच.

मागच्या भागाची ऑडिओ फाइल मी बदलली आहे. सुरुवातीचा खडखडाट काढला, त्या जागी फक्त माझं बोलणं आहे आणि चूक कबूल केली आहे. रंगीत व्हिडिओची लिंकही काढली. नवीन फाइल काकांना आधी पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं, "आता ठीक आहे. पण तुमच्या खोलीतला पंखा ऐकू येतो, तो बंद करून बोलत जा."

हा भाग पंखा बंद करून रेकॉर्ड केला आहे. मे महिना आहे, समजून घ्या.